हातात तसबीर धरलेली बाई आणि चौकटीच्या कडेचा मुलगा

यवतमाळ जिल्ह्याचे एक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते एकच छायाचित्र नव्हे हे मला ठाऊक आहे. वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी वेगवेगळ्या गावांत ते शेकडो वेळा काढलेले आहे. परंतु ते इतके सारखे असते की एकच मानण्यास हरकत नसावी. मातीने सारवलेली किंवा निळा चुना दिलेली भिंत असते. भिंतीपुढे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसलेली असते आणि तिच्या हातात नवऱ्याची तसबीर असते. तसबिरीला कधी हार असतो, कधी नसतो. बाई कॅमेऱ्याकडे पाहत असते, किंवा पाहू नको असे सांगितल्यामुळे दूर कोठेतरी पाहत असते.

हे छायाचित्र खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासूनच्या चार दशकांत विदर्भाच्या कापूसपट्ट्यात जे घडले त्याचा तो पुरावा आहे. माझी तक्रार निराळी आहे. यवतमाळ म्हणजे हे छायाचित्र, असे आपण मानू लागलो आणि त्यामुळे एक अख्खी पिढी आपल्या दृष्टीआड वाढली. ही तक्रार वृत्तपत्रांविरुद्ध कमी आणि साहित्याच्या प्राध्यापकांविरुद्ध अधिक आहे. त्यांत मीही येतो. नव्हे, आधी मीच येतो.

त्या छायाचित्रातल्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली गोष्ट म्हणजे त्यात एक नव्हे, दोन छायाचित्रकार असतात. बाईचा फोटो काढणारा मुंबईहून, दिल्लीहून किंवा परदेशातून आलेला असतो. त्याचे नाव फोटोखाली छापले जाते. पण तिच्या हातातली तसबीर कोणी केली? ती तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत तयार झालेली असते. घरात गेलेल्या माणसाचा धड फोटो नसतोच. मग कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून किंवा बँकेच्या कागदावर चिकटवलेल्या पासपोर्ट फोटोतून चेहरा उचलायचा, त्याला नवा सदरा चढवायचा, मागे निळे आभाळ द्यायचे आणि तेरवीच्या आत तसबीर मढवून द्यायची, हे काम तो स्टुडिओवाला करतो. मध्य प्रदेशातल्या नागदा येथील अशाच स्टुडिओंचा अभ्यास करून क्रिस्टोफर पिनी यांनी १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ हा ग्रंथ लिहिला. आपल्या बाजारपेठेतल्या स्टुडिओवाल्यावर मराठीच्या विभागांतून किती जणांनी लिहिले, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. जगाने पाहिलेल्या त्या छायाचित्राच्या गाभ्यात आपल्या गावच्या माणसाचे काम आहे आणि तेच तेवढे अनामिक राहिले आहे.

दुसरी गोष्ट चौकटीच्या कडेला असते. दाराशी, खांबाआड, कधी अर्धाच कापला गेलेला, एक मुलगा किंवा मुलगी उभी असते. शाळेचा गणवेश, पायात काही नाही. पुष्कळदा छापताना ही कड कापून टाकतात. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सुमारास कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. तेव्हा दाराशी उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा आज तिशीला आला आहे. मधल्या वर्षांत तो दहावी झाला, त्याला मिशा फुटल्या, त्याचे कुणावर तरी मन बसले, त्याने पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावा काढल्या, त्याला मुलगी कुणी देईना, तो पुण्याकडे गेला किंवा गेला नाही. याचे छायाचित्र कोठे आहे?

बाभुळगाव हे यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. दैनिक ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचे हे जन्मगाव. याच तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झाले. म्हणजे वृत्तपत्राशी या गावाचे जुने नाते आहे, आणि विकास व विस्थापन हे दोन्ही शब्द येथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. गाव कपाशीचे आणि सोयाबीनचे. अशा गावांतल्या मुलांना आम्ही तालुक्या-जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी त्या भागातला एक विद्यार्थी एम. ए.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलमध्ये साठेक फोटो होते. चार वर्षे तो आपल्या सोबत्यांचे फोटो काढत होता. त्याने विचारले, “सर, हे चालन का प्रकल्पात?”

मी ते फोटो स्टाफरूममध्ये बसून पाहिले. भरतीच्या आदल्या रात्री उसने आणलेले बूट पायात घालून पाहणारा मुलगा. कडुनिंबाला टांगलेल्या आरशात पहिली दाढी करणारा दुसरा. शाळेच्या भिंतीवर चढून मोबाइलला रेंज शोधणारे तिघे. जिनिंगच्या कापसाच्या ढिगाऱ्यावर हुंदडणारे, आणि दोन वर्षांनंतरच्या फोटोत त्याच ढिगाऱ्याजवळ तोंडाला फडके बांधून मजुरी करणारे तेच चेहरे. एक फोटो मला आजही लख्ख आठवतो. भिंतीवर वडिलांची हार घातलेली तसबीर आहे, तिच्या खालीच विजेचा बोर्ड आहे, बोर्डाला मोबाइल चार्जिंगला लावलेला आहे, आणि मुलगा वायर पुरेना म्हणून तसबिरीखाली उकिडवा बसून फोनवर कुणाशी तरी हसत बोलतो आहे. तसबीर तीच, पण ती कुणाच्या हातात नाही. ती भिंतीवर आहे आणि तिच्या खाली आयुष्य चाललेले आहे.

मी त्याला म्हणालो, “छान आहे, पण हे साहित्य नव्हे.” आणि ‘ग्रामीण कादंबरीतील शेतकरी आत्महत्यांचे चित्रण’ हा विषय दिला. त्याने दोन गाईडे आणि एक जुना प्रबंध समोर ठेवून ऐंशी पाने लिहिली. त्याला उत्तम गुण मिळाले. पुढे तो पुण्याकडे एका गोदामात कामाला लागला. मागच्या वर्षी मी त्याला फोन करून त्या फोटोंची चौकशी केली, तेव्हा कळले की तो मोबाइल केव्हाच बिघडला आणि मेमरी कार्ड वाचले जात नाही. मित्रांना पाठवलेले अकरा फोटो उरले आहेत. तसबिरीखालचा त्यात नाही.

एका विद्यार्थ्याच्या बाबतीत एका प्राध्यापकाने केलेली चूक म्हणून हे सोडून देता आले असते. पण मी त्या वेळी जे बोललो ते माझे एकट्याचे मत नव्हते. ती आपल्या विषयाची भूमिका होती, आणि ती भूमिका चूक आहे हे मला मांडायचे आहे.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि अखेर कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात काम केलेल्या, पतीच्या आत्महत्येनंतर ताठपणे उभ्या राहिलेल्या या बाईंनी ते व्यासपीठ आपल्या बोलण्याने जिंकले, यात शंका नाही. प्रश्न त्यांच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. साहित्यसंस्थांची नैतिक अडचण झाली तेव्हा यवतमाळमधून आपल्याला कोण सुचले? ते जुने छायाचित्रच सुचले. फरक इतकाच की या वेळी छायाचित्रातली बाई उठून बोलली आणि आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक बोलली. त्याच मंडपात जिल्ह्यातली शेकडो तरुण मुले-मुली स्वयंसेवकाचे बिल्ले लावून खुर्च्या मांडत होती. त्यांच्या वाढण्याविषयीचा एखादा परिसंवाद आपल्याला हवासा वाटला का?

वय वाढणे ही घटना नव्हे. आत्महत्या ही बातमी होते, कारण तिला तारीख असते. वयात येण्याला तारीख नसते. त्याचे चित्र एका क्षणात मिळत नाही; तोच चेहरा, तीच ओसरी, तोच रस्ता पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. एका दिवसासाठी गाडी करून आलेला छायाचित्रकार कितीही थोर असो, त्याला हे जमणार नाही. त्याच्यापाशी तेवढा काळच नाही. हे काम दीर्घकाळ एका जागी राहणाऱ्याचे आहे, आणि म्हणून ते बातमीपेक्षा कादंबरीच्या जवळचे आहे. मराठीने ते शब्दांत चांगले केलेले आहे. ‘कोसला’ १९६३ मध्ये आली आणि सांगवीकराचे वाढणे, हरणे, गावी परतणे हा आपल्या वाङ्मयाचा विषय झाला. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने २००४ मध्ये आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आपल्यापुढे उभा केला. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधला, शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ तर आमच्या बाकांवर दर वर्षी बसलेला असतो. या कादंबऱ्या आपण शिकवतो. मग हेच काम कुणी कॅमेऱ्याने करू लागला की ते आपल्या विषयाबाहेर कसे जाते?

चित्रपटाच्या कॅमेऱ्याने हा रस्ता आपल्या आधी ओळखला. करमाळा तालुक्यात वाढलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये पडद्यावर आला. त्यातल्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. आपण त्या दगडावर पुष्कळ लिहिले. तो जातिव्यवस्थेवर आहे, प्रेक्षकांवर आहे, वगैरे. ते खरेच आहे. पण तो कॅमेऱ्यावरही आहे, हे फारसे कुणी ध्यानात घेतले नाही. आपल्याकडे नुसते पाहत राहणाऱ्याला जब्या उत्तर देतो आहे. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात गौरवलेला ‘किल्ला’ अविनाश अरुण यांनी केला. ते मुळात छायालेखक, आणि आपल्याच बालपणातल्या बदल्यांच्या आठवणींतून त्यांनी हा चित्रपट उभा केला. वडील गेलेला मुलगा आणि नोकरी करणारी विधवा आई हेच त्याचेही विषय आहेत. पण त्यात कुणी तसबीर हातात धरून बसत नाही. मुलगा सायकल चालवतो, मित्रांशी भांडतो, समुद्राला भितो आणि वाढतो. दुःख त्यात आहेच, पण ते मुलाच्या उंचीवरून पाहिलेले आहे.

चित्रपटाला निर्माता लागतो, माणसे लागतात, पैसा लागतो. स्थिर छायाचित्राला एक माणूस आणि चिकाटी पुरते. याची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे लॅरी क्लार्क यांचे गाव. त्यांची आई घरोघर जाऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढण्याचा धंदा करीत असे, आणि ते मिसरूड फुटण्याच्या वयात तिच्या हाताखाली कामाला लागले. म्हणजे आपल्या स्टुडिओवाल्याचाच हा भाऊबंद. १९६३ पासून त्यांनी आपल्या मित्रांचे, त्यांच्या व्यसनांचे, पिस्तुलांचे, उद्ध्वस्त होण्याचे फोटो काढले आणि १९७१ मध्ये ‘टल्सा’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेतल्या लहान शहराविषयीचे गोड चित्र त्याने मोडले. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलादाच्या गावात लाटोया रुबी फ्रेझियर हिने सोळाव्या वर्षापासून आपली आजी, आई आणि स्वतः यांचे फोटो काढले. ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हे तिचे पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारखान्याचे गाव ओसरले, रुग्णालय बंद पडले, हे सगळे त्यात आहे. पण ते एका कृष्णवर्णीय मुलीच्या वाढण्यातून आलेले आहे. तिचे फोटो पाहताना ‘बिचारे लोक’ असे म्हणता येत नाही, कारण पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे.

आपल्याकडे असे का होऊ नये? अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य आपल्या कॅमेऱ्यातून देशापुढे ठेवतात, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळते, आणि आपल्याला अभिमान वाटतो. तो रास्तच आहे. पण वऱ्हाडातून निघालेला कॅमेऱ्याचा रस्ता मुंबईला जातो. परत येणारा रस्ता आपण बांधलेला नाही. येथे राहिलेल्या छायाचित्रकाराला लग्ने, वाढदिवस आणि पुढाऱ्यांचे फलक एवढेच काम उरते. किंवा मग तो स्पर्धांच्या ‘ग्रामीण जीवन’ या विभागासाठी सुरकुतलेला म्हातारा, बिडीचा धूर आणि तिरपा उजेड असे आपल्याच गावाचे पर्यटक-छाप फोटो काढू लागतो. बाहेरच्याची नजर उसनी घेऊन घरात पाहणे हा त्या छायाचित्राचा दुसरा अवतार आहे.

ही नजर आजची नव्हे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, त्यांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. नमुन्याला नाव लागत नाही. पुढे १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात काढलेले स्थलांतरित आईचे छायाचित्र अमेरिकेतल्या मंदीचे प्रतीक झाले. लँग यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्या आईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होते हे जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. बेचाळीस वर्षे ती बाई प्रतीक म्हणून जगभर फिरत होती आणि आपल्या गावी नाव असलेली माणूस म्हणून राहत होती. आपल्या जिल्ह्यातल्या किती स्त्रियांवर ही वेळ आली असेल!

मराठीच्या अभ्यासकाला तर हा मुद्दा समजावून सांगण्याची गरजच नसावी. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये, ‘उचल्या’ १९८७ मध्ये. ही सगळी वाढण्याची पुस्तके आहेत. तोवर गावकुसाबाहेरच्या मुलाविषयी कळवळ्याने लिहिले जात होते. या पुस्तकांत तो मुलगा स्वतः बोलू लागला आणि कळवळ्याची भाषा जुनी झाली. तेव्हाही ‘हे साहित्य आहे का, की नुसते दस्तऐवज?’ असा प्रश्न विचारला गेला होता. आज तो प्रश्न विचारणाऱ्यांना आपण वर्गात हसतो. माझ्या विद्यार्थ्याला स्टाफरूममध्ये मी तोच प्रश्न विचारला होता.

यावर आक्षेप येतील. त्यांतले तीन गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की ‘आतला’ म्हणजे नक्की कोण? हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो माझ्या बाजूच्या अनेकांना अडचणीचा आहे. गाव एक नसते. त्या साठ फोटोंत सोबत्यांचे फोटो बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले होते. पलीकडच्या वस्तीतले चार-पाच फोटो मात्र रस्त्यावर उभे राहून, वरून काढलेले होते. त्या वस्तीपुरता माझा विद्यार्थीही बाहेरगावचाच होता. आणि मुली? साठांत चार फोटोंत मुली होत्या. चारही पाठमोऱ्या, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या. तालुक्याच्या गावात मुलीचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये सापडणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. शिक्षण थांबते, कधी लग्न उरकले जाते. म्हणजे त्याच्या चित्रातून निम्मे वयात येणे गळालेलेच होते. पण या आक्षेपाचे उत्तर बाहेरचा छायाचित्रकार बोलावणे हे नव्हे. पलीकडच्या वस्तीतल्या मुलाच्या आणि सायकलवरच्या मुलीच्या हाती कॅमेरा जाणे, हे त्याचे उत्तर आहे. दलित आत्मकथनांनंतर स्त्रियांची आत्मकथने वाचताना आपण हेच शिकलो होतो.

दुसरा आक्षेप: आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रोज लाखो फोटो काढले जातात, मग अभाव कसला? अभाव फोटोंचा नाही. निवडीचा, क्रमाचा आणि जतन करण्याचा आहे. दप्तरातल्या साऱ्या कागदांची मिळून कादंबरी होत नाही. स्वतःचा हसरा फोटो काढून तो मित्रांना पाठवणे निराळे आणि चार वर्षे एकाच मित्राच्या चेहऱ्यावरून आशा कशी उतरत गेली हे पाहणे निराळे. शिवाय ज्या पिढीचे सगळे फोटो मोबाइलमध्ये आहेत तिचे फोटो सर्वांत आधी नाहीसे होणार आहेत. वृत्तसंस्थांच्या संग्रहात ती तसबीरवाली बाई शंभर वर्षे राहील. बाभुळगावच्या मुलाची पहिली दाढी एका बिघडलेल्या कार्डाबरोबर जाईल. उद्याच्या संशोधकाला आपला जिल्हा केवळ मरताना दिसेल. तो जगतही होता, याचा पुरावा त्याला मिळणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. चळवळीतले माझे मित्र म्हणतात, ‘तुम्ही उकिडवे बसून हसणारी पोरे दाखवणार आणि सरकार म्हणणार, पाहा, सगळे ठीक आहे. ते एक छायाचित्र होते म्हणून पॅकेज आले.’ या म्हणण्यात तथ्य आहे. त्या छायाचित्राने काही काम केले. पण त्याने एक समजही रुजवला की संकट म्हणजे मृत्यू. मृत्यू झाला तर पंचनामा होतो, प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते, मदत मिळते अथवा नाकारली जाते, आणि फाइल बंद होते. जिवंत माणसाची फाइल उघडतच नाही. पंचविशीत अभ्यासिकेत बसलेल्या, भरतीचे वय उलटून चाललेल्या, शेती नको असलेल्या आणि दुसरे काही न मिळालेल्या मुलाचा पंचनामा कोण करणार? त्याच्या सलग दहा वर्षांची छायाचित्रे पाहिली तर ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. हसणारा मुलगा हा संकटाचा इन्कार नव्हे. काय पणाला लागले आहे ते त्याच्यामुळेच कळते.

येथे संमतीचा प्रश्नही टाळता येणार नाही. आतल्या माणसाला आत प्रवेश असतो, म्हणून विश्वासघातही तोच अधिक करू शकतो. ‘टल्सा’ हे मोठे पुस्तक आहे. पण त्यातल्या मित्रांचे विवस्त्र, नशेतले तारुण्य कायमचे जगापुढे मांडले गेले, हा प्रश्न त्या पुस्तकाला चिकटून राहणारच. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्रावर आपले अखेरचे पुस्तक लिहिले. त्यातले सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र म्हणजे त्यांच्या आईचे, लहानपणीचे; आणि तेवढेच त्यांनी पुस्तकात छापले नाही. कोणता फोटो दाखवायचा नाही हे ज्याला कळते तो खरा आतला, अशी कसोटी मी लावीन. एका दिवसासाठी आलेल्याला ती लागू करता येत नाही, कारण न दाखवण्यासारखे असे त्याला काही सापडलेलेच नसते.

मग आपण काय करायचे? कुणा मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. हातात खराटा घेऊन आधी स्वतः झाडायला लागावे, एवढे तरी आपण त्या नावाकडून शिकू शकतो. मराठीच्या प्रकल्पासाठी छायाचित्रांची मालिका स्वीकारावी; अट एवढीच की प्रत्येक फोटोखाली नाव, तारीख, जागा आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीतल्या चार ओळी असाव्यात. फोटोखालचा मजकूर लिहिणे हे भाषेचे काम आहे आणि ते आपण शिकवू शकतो. ज्याचा फोटो आहे त्याची संमती घ्यावी, आणि ती मागे घेण्याची मुभा त्याला ठेवावी. प्रत्येक मालिकेची एक छापील प्रत ग्रंथालयात आणि एक ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरी जावी. मुलींसाठी महाविद्यालयाचा एक कॅमेरा असावा. तो महाविद्यालयाचा असल्यामुळे घरी सांगायला एक कारण मिळते. आणि बाजारपेठेतल्या स्टुडिओवाल्यांकडची जुनी निगेटिव्ह भंगारात जाण्यापूर्वी मागून आणावीत. तालुक्याच्या पन्नास वर्षांचे चेहरे त्यांच्या खोक्यांत पडलेले आहेत.

यात खर्च फारसा नाही. अडचण आपल्या सवयीची आहे. शेतकऱ्याच्या दुःखावर चर्चासत्र घेताना फलकावर ती तसबीरवाली बाई छापण्याची सवय, ‘ग्रामीण’ हा शब्द उच्चारला की मृत्यू आठवण्याची सवय, आणि छापील पुस्तक नसेल तर ते साहित्य नव्हे असे स्टाफरूममध्ये सांगण्याची सवय.

उरलेले अकरा फोटो मी त्या विद्यार्थ्याकडून मागवून घेतले, जिल्ह्याच्या ठिकाणी छापून आणले आणि एका फाइलीत लावले. फाइलीत साठ कप्पे आहेत. गोदामाच्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा आम्ही दोघे बसलो आणि रिकाम्या कप्प्यांत चिठ्ठ्या घातल्या: कोण होता, कधीचा, कुठला, काय करत होता. चोविसाव्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर त्याने लिहिले आहे की वायर लहान होती म्हणून तो खाली बसला होता.